रजिस्टर घरी आलं तर सही करू नका, ताई

वाचकाचं पत्र

मी परभणी जिल्ह्यातल्या एका लहान नगरपरिषदेची सदस्य आहे. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीत आमच्या प्रभागातली एक जागा नागरिकांच्या मागास प्रवर्गातल्या महिलेसाठी सुटली आणि घरच्यांनी मला उभं केलं. शिक्षण बारावी. त्याआधी नगरपरिषदेची पायरी कधी चढले नव्हते. आता रोज सकाळी दारात बायका येतात. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, नाली तुंबलीय, मेन रोडवरचे खड्डे बुजवा म्हणतात. मुख्याधिकारी साहेबांना सांगितलं तर ते म्हणतात निधी नाही, आधी ठराव आणा. अध्यक्ष म्हणतात साहेबांना सांगा, सही त्यांची लागते. ऑफिसचं सगळं माझे दीर बघतात. सभेलाही तेच जातात, नंतर शिपाई रजिस्टर घरी आणतो आणि मी सही करते. दीर गुत्तेदारी करतात. नालीचं काम निघालं तर आपणच घेऊ, असं त्यांचं चाललंय. मला खरंच काही अधिकार आहेत का, की नुसतं नावच आहे? कृपया नाव छापू नका.

उत्तर

ताई,

बाकीचं नंतर बोलू, आधी रजिस्टर. शिपाई पुन्हा ते घेऊन दारात आला तर त्याला चहा द्या आणि रजिस्टर कोऱ्या रकान्यासकट परत पाठवा. त्याच्यावर चिडू नका, त्याला कोणीतरी पाठवलेलं असतं. पण सही करू नका.

नोकरीतली बरीच वर्षं मी सभा लिपिक होतो. विषयपत्रिका काढायची, नोटिसा वाटायच्या, सभेत बसून टिपणं घ्यायची आणि मागाहून इतिवृत्त लिहायचं, हे माझं काम. म्हणून सांगतो, त्या रकान्यातली सही नुसती हजेरी नसते. त्या दिवशी तुम्ही सभागृहात होतात, विषय तुमच्यासमोर वाचले गेले आणि ज्या ज्या ठरावापुढे ‘सर्वानुमते मंजूर’ असं लिहिलंय त्या प्रत्येकाला तुमची संमती होती, असा तिचा अर्थ लागतो. मग तो गाळ्यांचा भाडेपट्टा असो, एखादी निविदा असो नाहीतर कोणाचं थकलेलं बिल. उद्या लेखापरीक्षणात त्या खर्चावर आक्षेप निघाला, नगरपरिषदेचं नुकसान झालं असं ठरलं, तर ठरावाच्या बाजूने असलेल्या सदस्यांवर वसुलीची जबाबदारी येऊ शकते. ती नोटीस दिरांच्या नावाने येणार नाही, तुमच्या नावाने येईल.

घरात बोलताना हेच सांगा. दिरांनी निवडणुकीत तुमच्यासाठी पायपीट केली असेल, त्यांचा मान राखूनच सांगा. ‘भाऊजी, सही माझी असेल तर वसुलीही माझ्यावरच येणार, म्हणून सभेत मलाच बसू द्या,’ एवढं पुरे. घरातल्या जाणत्या माणसाला हे पटतं, कारण यात भांडण नाही, हिशेब आहे. सभेत सदस्याच्या जागी नवरा, दीर, सासरा, मुलगा यांपैकी कोणालाही बसवण्याची सोय कायद्यात नाही. सभा लोकांसाठी खुली असते, तेव्हा दिरांना मागे प्रेक्षकांत बसून ऐकता येईल. बोलणं, मत आणि सही मात्र तुमचीच. शिवाय रजा मंजूर करून न घेता सतत गैरहजर राहणाऱ्या सदस्याचं पद जाऊ शकतं. म्हणजे न जाता सही केली तरी धोका, आणि सही न करता घरी बसलात तरी धोका. तुम्हाला सभेला जावंच लागेल.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांच्या कारभारात महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखल्या आणि २०११ पासून महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. त्या निम्म्या खुर्च्यांवर बायकाच बसल्या पाहिजेत, हे मला मनापासून वाटतं. प्रभागातल्या बायका तुमच्या दारात येतात, दिरांच्या नाही, याचा अर्थ त्यांनी तो निर्णय केव्हाच केलेला आहे.

आता अधिकारांचं. सफाई कामगाराला, पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हमनला किंवा बांधकाम विभागाच्या अभियंत्याला एकटा सदस्य थेट हुकूम देऊ शकत नाही. दिला तरी तो पाळणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. यात कमीपणा वाटून घेऊ नका, कारण हा कायदाच तसा रचलाय. तुमचा कायदा म्हणजे महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५. त्याआधी आपल्या मराठवाड्यातल्या नगरपालिका हैदराबाद संस्थानाच्या वारशातून आलेल्या १९५६ च्या वेगळ्या कायद्याने चालायच्या, विदर्भाचा कायदा वेगळा, पश्चिम महाराष्ट्राचा वेगळा. १९६५ मध्ये सगळ्यांना एक कायदा झाला. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणी, जालना इथे महानगरपालिका आहेत, त्यांचा कायदा १९४९ चा आणि रचनाही निराळी: तिथे महापौर आणि आयुक्त, तुमच्याकडे नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी. परभणी शहरातल्या कोणी नगरसेवकाने काही सांगितलं तर ते तुमच्या गावाला जसंच्या तसं लागू होईल असं धरू नका. लोकसंख्या एक लाखाच्या वर असली की नगरपरिषद ‘अ’ वर्गाची, ४० हजारांच्या वर ‘ब’ आणि त्याच्या आत ‘क’. तुमच्या वर्णनावरून तुमची ‘क’ वर्गाची असावी.

या कायद्यात निर्णयाचा अधिकार सभेला आहे. निवडून आलेले सगळे सदस्य आणि अध्यक्ष रीतसर नोटीस काढून एकत्र बसतात आणि ठराव करतात, तेव्हा नगरपरिषद निर्णय घेते. कर किती लावायचा, अंदाजपत्रकात कशाला किती ठेवायचं, कोणती कामं घ्यायची, जागा कोणाला भाड्याने द्यायची, हे सभेत ठरतं. शहराचा विकास आराखडाही नियोजन प्राधिकरण म्हणून नगरपरिषदच करते आणि शासन त्याला मंजुरी देतं. अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्यांची. ते राज्य शासनाच्या सेवेतले अधिकारी असतात, शासन त्यांची नेमणूक आणि बदली करतं. ते सभेत बसतात, माहिती देतात, पण मत देत नाहीत. एखादा ठराव बेकायदा वाटला तर तसं नोंदवून वर कळवणं हे त्यांचं कर्तव्य. आणि अध्यक्ष? ते आता थेट लोकांमधून निवडून येतात. २०१६ मध्ये ती पद्धत आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये पुन्हा आली. ते सभेचं अध्यक्षपद भूषवतात, कारभारावर देखरेख ठेवतात. तातडीच्या प्रसंगी कलम ५८ खाली एखादं काम हाती घ्यायला सांगू शकतात, पण नंतर ते सभेपुढे आणावं लागतं. ही तरतूद पूर, फुटलेली जलवाहिनी, कोसळणारी भिंत अशा वेळेसाठी आहे. रोजची कामं या कलमाखाली निघायला लागली की सभेला काही उरत नाही. तुमच्याकडे अशी किती कामं निघाली, ते विचारा.

यावरून लक्षात येईल की मुख्याधिकारी आणि अध्यक्ष दोघांनी तुम्हाला अर्धं अर्धं खरं सांगितलं. ठराव लागतो, हे बरोबर. सही मुख्याधिकाऱ्यांची लागते, हेही बरोबर. पण ठराव ‘आणायचा’ म्हणजे कुठून आणायचा, हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही. तो तुम्हीच मांडायचा असतो. तुमचा अधिकार तिथे आहे.

नालीचंच घ्या. तिचा प्रवास साधारण असा: तुम्ही लेखी मागणी करता, बांधकाम विभागाचा अभियंता जागा पाहून त्या कामाच्या खर्चाचं अंदाजपत्रक करतो, विषय सभेपुढे किंवा समितीपुढे येतो, ठराव होतो, प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मंजुरी मिळते, निविदा निघते, कार्यादेश दिला जातो, काम होतं, मोजमाप पुस्तिकेत मापं चढतात आणि मग बिल निघतं. यातल्या कोणत्या पायरीवर नाली अडकलीय हे माहीत नसलं की माणूस अध्यक्षांकडून साहेबांकडे आणि साहेबांकडून अध्यक्षांकडे फिरत राहतो. पायरी कळली की प्रश्न बदलतो. ‘नाली कधी करता?’ असं विचारलं तर ‘करू’ हेच उत्तर मिळतं. ‘अंदाजपत्रक झालं का, झालं असेल तर कोणत्या तारखेला?’ असं विचारलं की समोरच्याला फाईल उघडावी लागते.

नवी नाली बांधणं वेगळं आणि असलेली तुंबलेली नाली साफ करणं वेगळं. साफ करायला कोणताही ठराव लागत नाही. ती सफाई स्वच्छता विभागाच्या रोजच्या कामाचा भाग आहे. स्वच्छता निरीक्षकाकडे आठवड्याचा नाले-नाल्या सफाईचा तक्ता मागा, तुमच्या प्रभागातल्या गल्ल्या त्यात आहेत का ते पाहा. नसतील तर घालून घ्या.

‘निधी नाही’ या उत्तरावर मला थोडं सविस्तर बोलायचंय. कायद्याने नगरपरिषदेची कर्तव्यं दोन भागांत मांडली आहेत. काही आवश्यक आणि काही ऐच्छिक. रस्त्यावरचे दिवे, रस्त्यांची झाडलोट, मैला आणि सांडपाण्याची व्यवस्था, नाल्या, सार्वजनिक शौचालयं, पिण्याचं पाणी, जन्म-मृत्यूची नोंद, स्मशानभूमी, आग विझवणं, धोकादायक इमारतींचा बंदोबस्त ही आवश्यक. बागा, वाचनालयं, सभागृहं ही प्रामुख्याने ऐच्छिक. आवश्यक कामासाठी पैसे नाहीत, ही सबब कोर्टात टिकत नाही. मध्य प्रदेशातल्या रतलाममध्ये एका भागातले लोक उघड्या नाल्या, घाण आणि शौचालयांचा अभाव यांनी हैराण झाले होते. दंडाधिकाऱ्यांनी नगरपालिकेला व्यवस्था करण्याचा आदेश दिला. नगरपालिका वर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आमच्याकडे पैसे नाहीत म्हणाली. १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला की पैशाच्या अडचणीचं कारण देऊन नगरपालिकेला आपल्या कायदेशीर कर्तव्यातून सुटका मिळणार नाही. तो आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली होता. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तीच तरतूद कलम १५२ मध्ये आहे. म्हणजे घाण पाण्याने लोकांच्या आरोग्याला धोका असेल, तर तुमच्या गल्लीतले लोक कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज करू शकतात. सभेत शांतपणे एवढंच म्हणा: ‘नाली हे आवश्यक कर्तव्य आहे. रतलामच्या निकालात निधीची सबब मान्य झालेली नाही. तरीही निधी नाही असं उत्तर असेल, तर ते इतिवृत्तात तसं लिहून घ्यावं.’ असं उत्तर लिहून द्यायला सहसा कोणी तयार होत नाही.

निधी खरोखर कमी असतो, हेही खरं आहे. १९९९ मध्ये नगरपरिषदांचा जकात कर बंद झाला, तेव्हापासून लहान नगरपरिषदा शासनाच्या सहायक अनुदानावर अवलंबून आहेत. त्यातलं बरंचसं पगारात जातं. स्वतःचं म्हणावं असं उत्पन्न म्हणजे मालमत्ता कर, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजार फी. विकासकामांचा पैसा बहुतेक बाहेरून येतो: केंद्रीय वित्त आयोगाचा निधी, नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण योजना, दलित वस्ती सुधारणेचा निधी, जिल्हा नियोजन समितीकडून येणारा पैसा. यातला प्रत्येक पैसा कशावर खर्च करायचा हे ठरलेलं असतं. वित्त आयोगाच्या निधीतला बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच वापरायचा असतो. मुख्याधिकाऱ्यांना विचारा, त्या बंधित निधीत सध्या शिल्लक किती आहे. महिला व बालकल्याण, दुर्बल घटक आणि दिव्यांग यांच्यासाठी अंदाजपत्रकात राखून ठेवलेला पैसा किती, आणि मागच्या वर्षी त्यातला किती खर्च झाला, हेही विचारा. बायकांसाठी ठेवलेला पैसा पडून राहतो आणि कोणी विचारत नाही, हे मी पाहिलंय आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

पाण्याचं दुखणं जुनं आहे. २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तिथे पाणीच नव्हतं. तुमच्या जिल्ह्यात येलदरी आणि निम्न दुधना ही मोठी धरणं आहेत. धरणात पाणी असून नळाला आठ दिवसांनी येत असेल तर दोष मधल्या कुठल्यातरी टप्प्यावर आहे आणि तो शोधता येतो. पाणीपुरवठा विभागाकडे लेखी विचारा: रोज किती पाण्याची उचल होते? जलशुद्धीकरण केंद्र रोज किती पाणी शुद्ध करू शकतं, आणि प्रत्यक्षात किती करतं? पंप किती, त्यातले चालू किती? जलकुंभ किती लिटरचे, कोणत्या प्रभागाला कोणता जलकुंभ? वीज बिल थकलंय का, त्यामुळे पुरवठा किती वेळा तुटला? जलवाहिनीवर अनधिकृत जोडण्या किती? उत्तरं हातात आली की दिसेल, पंप बंद आहे, टाकी लहान आहे, वाहिनी जुनी होऊन गळतेय की बिल थकलंय. पंपाच्या दुरुस्तीला थोडे पैसे आणि थोडे दिवस लागतात. नवी योजना मंजूर व्हायला मात्र वर्षं जातात आणि ती बहुधा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या तांत्रिक मान्यतेतून जाते. बायकांना खोटी तारीख देऊ नका. कारण सांगा, आणि पुढचं पाणी कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी येईल याचं वेळापत्रक व्हॉट्सॲपच्या गटावर टाकायला पाणीपुरवठा विभागाला भाग पाडा. पाणी कधी येणार हे आदल्या दिवशी कळलं तर मजुरीला जाणाऱ्या बाईचा रोज बुडत नाही. त्यासाठी पैसाही लागत नाही.

मेन रोडचं थोडक्यात. तालुक्याच्या गावातून जाणारा मुख्य रस्ता बहुतेक वेळा सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचा असतो. आधी तो कोणाचा ते बांधकाम विभागातून लेखी काढा. दुसऱ्याचा असेल तर लोकांना तसं स्पष्ट सांगा आणि त्या विभागाच्या उपअभियंत्याला नगरपरिषदेमार्फत पत्र पाठवा. विजेचे खांब आणि तारा महावितरणच्या, रेशन तहसील कार्यालयाचं, जागेची मोजणी आणि सिटी सर्व्हे भूमी अभिलेखचा. हे सगळं लोक नगरसेवकाकडेच घेऊन येतात आणि ते स्वाभाविक आहे. योग्य दार दाखवणं हेही तुमचंच काम.

आता दिरांच्या गुत्तेदारीचं. नगरपरिषदेच्या कोणत्याही कामात किंवा करारात सदस्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर तो अपात्र ठरतो, आणि ज्या विषयात आपला हितसंबंध आहे त्यात मत दिलं तरी पद जाऊ शकतं. एकत्र कुटुंब, एका चुलीवरचं जेवण, एकाच खात्यातले व्यवहार असतील तर हितसंबंध नाही हे सिद्ध करताना तुमची फार ओढाताण होईल. विरोधी सदस्य जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करतील, तारखा पडतील, वकील लावावा लागेल. दिरांना दुसऱ्या गावात, दुसऱ्या विभागात भरपूर कामं मिळतील. तुमच्या नगरपरिषदेत त्यांनी निविदा भरू नये, दुसऱ्याच्या नावावरही नाही. इथे मी तडजोड सुचवणार नाही. त्याच कायद्यात आणखी एक अट आहे: सदस्याने, त्याच्या जोडीदाराने किंवा अवलंबून असलेल्या माणसाने अनधिकृत बांधकाम केलं तरी अपात्रता येते. घराचा पुढचा ओटा नालीवर आलाय का, दुकानाचं पत्र्याचं शेड परवानगीशिवाय आहे का, हे निवडून आल्या आल्या बघायचं. कोणी बोट दाखवण्याआधी काढून टाका.

सभेत बोलायची भीती वाटते असं पत्रात तुम्ही थेट लिहिलं नाही, पण बारावीचा उल्लेख ज्या ओघात आलाय त्यावरून मला तसं वाटलं. भाषण करायची गरज नाही. सभेत चांगलं काम करणारे जे सदस्य मी पाहिले, त्यांतले बरेच जण फार कमी बोलायचे. ते कागद घेऊन यायचे. सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी, आणि तिची नोटीस विषयपत्रिकेसह सात दिवस आधी मिळायला हवी. ती हातात आली की घरी बसून एकेक विषय वाचा, जो कळला नाही त्यापुढे खूण करा, दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन त्या विषयाची टिपणी पाहायला मागा. नगरपरिषदेचे कागद पाहणं, कामातल्या हलगर्जीकडे लक्ष वेधणं, आपल्या भागाच्या गरजा मांडणं, अध्यक्षांना कारभाराबद्दल प्रश्न विचारणं हे सदस्याचे हक्क आहेत. सगळ्यात जपून पाहायचे ते ‘ऐनवेळचे विषय’. जो विषय सात दिवस आधी लोकांसमोर ठेवायला कोणाला जड जातं, तो तिथे घुसतो. अशा विषयावर काही माहिती नसेल तर ‘माझा विरोध नोंदवावा’ किंवा ‘हा विषय पुढच्या सभेत टिपणीसह आणावा’ असं म्हणा आणि बसा. पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त कायम होण्याआधी ते वाचा. तुमचा विरोध त्यात नसेल तर त्याच क्षणी दुरुस्ती मागा, नंतर फार उशीर होतो.

लेखी मागणी कशी करायची ते एकदा इथे देतो, पुढे तुम्हीच लिहाल:

‘प्रति, मा. अध्यक्ष / मा. मुख्याधिकारी, नगरपरिषद. विषय: प्रभाग क्र. … मधील … गल्लीतील नाली बांधकामाचा विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्याबाबत. महोदय, सदर गल्लीत सुमारे … मीटर लांबीची नाली नसल्याने सांडपाणी रस्त्यावर साचते. सोबत रहिवाशांच्या सह्या व फोटो जोडले आहेत. कृपया जागेची पाहणी करून अंदाजपत्रक तयार करावे व पुढील सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा. कोणत्या दिनांकापर्यंत पाहणी होईल ते लेखी कळवावे.’

दोन प्रती करा. एक आवक विभागात द्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. तो शिक्का नसेल तर तुम्ही काही मागितलंच नव्हतं असं होतं.

आणखी एक माहिती मागा, आणि ती लवकर मागा. मागची काही वर्षं बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक होते. निवडणुका आरक्षणाच्या न्यायालयीन वादात अडकल्या होत्या, त्यामुळे सभेने घ्यायचे निर्णय एका अधिकाऱ्याच्या सहीने होत होते. कार्यालयाला ती सवय लागलेली असणार. प्रशासकांच्या काळातले सगळे ठराव, चालू कामांची यादी, प्रत्येक कामाचा गुत्तेदार, झालेलं बिल आणि राहिलेलं बिल, एवढं मागा. नवं काम सुचवण्याआधी तुमच्या प्रभागात आधीच काय मंजूर झालंय ते कळेल. एखादी नाली कागदावर पूर्ण झालेली आढळली आणि गल्लीत दिसलीच नाही, तर मोजमाप पुस्तिकेची प्रत मागा.

प्रभागात तुमच्यासोबत निवडून आलेला दुसरा सदस्य कोणत्याही पक्षाचा असो, पाण्याच्या आणि नालीच्या पत्रावर त्याची सही घ्या. एकूण सदस्यांपैकी एक चतुर्थांश सदस्यांनी लेखी मागणी केली तर अध्यक्षांना विशेष सभा बोलवावी लागते. पाण्यासाठी तेवढ्या सह्या जमवणं अवघड नाही, सगळ्यांच्याच दारात बायका येतात. स्वीकृत, म्हणजे निवडून न येता नेमलेल्या सदस्यांना मताचा अधिकार नसतो, हे हिशेबात धरा. विषय समित्यांची निवड होईल तेव्हा पाणीपुरवठा किंवा आरोग्य समितीत जागा मागा. महिला-बालकल्याण समिती तुम्हाला आपोआप देऊ करतील. तीही घ्या, पण पाणीपुरवठा सोडू नका.

सभेने बेकायदा किंवा लोकांना त्रासदायक ठराव केला तर कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. त्यांच्या कार्यालयात नगरपालिका प्रशासनाची वेगळी शाखा असते, त्यावर विभागीय आयुक्त, नगरपरिषद प्रशासन संचालनालय आणि नगरविकास विभाग. मात्र प्रत्येक गोष्टीला जिल्ह्याला धावू नका. आधी आवक शिक्क्याची पत्रं, मग सभेतली नोंद, आणि तरीही काही हललं नाही तर हे सगळं जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे जा. कागद सोबत असले की तिथेही बोलायला फार लागत नाही.

शेवटी तुमच्या स्वतःच्या दोन कागदांबद्दल. राखीव जागेवरून निवडून आलात, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र ठरवून दिलेल्या मुदतीत द्यावंच लागेल. मुदत चुकली तर निवड मागील तारखेपासून रद्द होते आणि त्यात कोणाची ओळख कामाला येत नाही. पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पावती असेल, ती घेऊन समितीच्या कार्यालयात स्वतः जा आणि प्रकरण कुठवर आलंय ते विचारा. दुसरा कागद निवडणूक खर्चाच्या हिशेबाचा. निकालापासून ३० दिवसांत तो द्यायचा असतो. तो कोणी सादर केला, पोच कोणाकडे आहे, हे आजच दिरांना विचारा आणि पोच तुमच्या फाईलला लावा.

पुढच्या सभेची विषयपत्रिका आली आणि एखादा विषय कळला नाही, तर तिची प्रत याच पत्त्यावर पाठवा. सभेच्या आधी तुम्हाला उत्तर मिळेल.